मागून हाक

शनिवार, ९ फेब्रुवारी २०१३, माले बंदर

आणि खाणी मी बंद केल्या नाहीत. हे एकदा लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी दादा फोनवर सुरू झाला की माझ्याकडे लेखी असेल. खाणी आधी सरकारने बंद केल्या, मग कोर्टाने. साऱ्या गोव्याला ठाऊक आहे. गावात, पार्स्यात सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराला ठाऊक आहे. आमच्या घरात तेवढं ठाऊक नाही.

आमच्या घरात ठाऊक आहे ते असं. सप्टेंबरात विनायकदादा नव्या हंगामासाठी खाणीवर ट्रकाचा नंबर लावायला डिचोलीला निघाला. पायऱ्या उतरला, आणि मी मागून ओरडलो, ‘दादा, डबो राह्यलो!’ आई तुळशीला पाणी घालत होती. तिने तांब्या तिथेच ठेवला आणि कपाळाला हात लावला. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. दादा वळला, डबा घेतला, गेला. संध्याकाळी डबा न उघडता परत आला. खाणी बंद. तेव्हापासून ट्रक फणसाखाली उभा आहे आणि त्याच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालतात. आई कोणाला काही बोलत नाही. फक्त कोणी ट्रकाचं विचारलं की माझ्याकडे बघते.

आज दादा म्हणाला, ‘तुजां बरां आसा रे. दर्यात न्हावप, बोटीवर निजप, पावण्यांवांगडा फोटो काडप. आमका असली सुट्टी कोण दिता?’

मी म्हटलं, ‘सुट्टी पावण्यांची, दादा. हांव त्यांच्यो हवेच्यो टाक्यो भरतां.’

‘हय, हय. हाक मारून आमका घरा बसयलंस, आतां थंयसून शाणेपण शिकय.’ आणि ठेवलाच फोन.

ही वही बाबाजीमामाने दिली. बाबाजीमामा म्हणजे सिंधूवहिनीचा सख्खा मामा, मालवणचा. या बोटीवर तो गाईड आहे, पाहुण्यांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवतो. तुयेच्या कारखान्यात मी खोके चिकटवत होतो, तिथून त्याने मला इथे आणलं. वही पाणबुड्या लोकांची आहे, कोणीतरी पाहुणा विसरून गेलेला. प्रत्येक पानावर इंग्रजी छापलंय, किती खोल, किती वेळ, हवा किती उरली. मी सातवीपर्यंत, तेही मराठीत. छापलेलं सोडून मधल्या जागेत लिहितो. शेवटच्या पानावर एका उघड्या माणसाचं चित्र आहे, खांदा, कोपर, गुडघा, सगळीकडे लाल ठिपके. मालीश कुठे करायची ते असणार.

रविवार, १० फेब्रुवारी

नवे पाहुणे आले. आठ. सात पुण्याचे आणि एक बाई कोल्हापूरच्या, एकट्याच. बायका-पुरुष सगळे आल्या आल्या बूट काढतात आणि आठ दिवस परत घालत नाहीत. सुट्टी म्हणजे एवढंच असावं.

यांची सुट्टी बोटीवरच. हॉटेल नाही, गाव नाही. इथेच निजायचं, इथेच जेवायचं आणि दिवसातून तीनदा पाण्याखाली जायचं. सकाळी सहाला मामा फळ्यावर समुद्राचं चित्र काढून सांगतो, इथून उतरायचं, इथे वळायचं. मग सगळे आमच्या छोट्या होडीत येतात. तिला इथले लोक डोणी म्हणतात. डोणीत टाक्या आणि हवा भरायचं यंत्र, आणि यंत्राशेजारी मी. टाकी पाठीवर चढव, पट्टे ओढ, नळ बघ, हाताला धरून कडेपर्यंत ने. ते पाण्यात पडतात. तासाने वर येतात, तोपर्यंत मी बुडबुडे बघत बसतो. मग टाक्या उतरव, भर, परत. त्यांच्या रबरी कपड्यांना मुताचा वास येतो, ते धुवायचं कामही माझंच.

टाकीच्या नळाचं मामाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ‘पुरो उघड, मगे पाव फेरो मागे घी. नायतर नळ बसता आणि मगे हत्ती इलो तरी फिरणा नाय.’ तीन महिने तेच करतोय. दिवसाला पंचवीस-तीस टाक्या. झोपेत पण मनगट फिरतं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

कमरेत उसण. तिसऱ्या फेरीनंतर बसूनच राहिलो.

कोल्हापूरच्या बाईंचं नाव प्राजक्ता. दातांच्या डॉक्टर. मला म्हणाल्या, ‘तू तरी मराठी बोलतोस, बरं झालं. त्या सात जणांचं इंग्रजीतच चाललेलं असतं.’ मग माझं तोंड बघून म्हणाल्या, ‘खालची उजवी दाढ किडलीय तुझी. हसताना दिसते.’

म्हटलं, ‘मॅडम, हसत नाय तर मग.’

‘मॅडम नको, ताई म्हण. तू कधी खाली गेलायस?’

नाही म्हटलं. मला पोहता येतं, ते आमच्या पार्स्याच्या नदीत. इथे टाक्या भरणाऱ्याला कोण खाली नेणार. पण मामाने कप्तानाशी बोलून ठेवलंय, हंगाम संपला की एप्रिलात मला शिकवायचं. मग पुढच्या वर्षी मी मामाच्या हाताखाली गाईड. पगार दुप्पट. घरी अजून सांगितलं नाही. सांगितलं तर आई कोणालातरी सांगेल आणि तो नेमका मागून हाक मारेल.

ताई चार वर्षं पैसे साठवून आल्यात. म्हणाल्या, ‘खाली गेल्यावर कोणाची दाढ दुखत नाही बघ. फक्त आपल्या श्वासाचा आवाज.’ यंत्राशेजारी बसून माझ्या कानात रात्रंदिवस धडधड असते. मला तो श्वासाचा आवाज एकदा ऐकायचा आहे.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आज त्यांना खाली पंखवाला मोठा मासा दिसला, ट्रकाच्या हौद्याएवढा. ताई वर आल्या तर रडत होत्या. पुण्याचे पुढारी (मी त्यांना पुढारी म्हणतो, सगळ्यांच्या आधी जेवतात) म्हणाले, ‘विठू, चहा आण, सेलिब्रेट करू.’ चहा मी आणला.

दादाचा निरोप आलाय मोबाईलवर, फोन कर म्हणून. इथे रेंज नाही. बेटाच्या बाजूने गेलो की दोन मिनिटं येते.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आजचं आजच लिहितो.

सकाळी नांगराचा दोर दगडात अडकला होता. मामा पाहुण्यांच्या आधीच एकटा खाली जाऊन तो सोडवून आला. बराच खोल. वर येऊन चहा प्यायला आणि फळ्यावर चित्र काढायला लागला.

मी डोणीत नळ उघडत होतो. आठव्या टाकीशी आलो आणि बेट जवळ आलं, रेंज आली, फोन वाजला. दादा. ‘आवय विचारता, तुका सुटी केन्ना? शिगम्याक येतलो मरे?’ म्हटलं, हंगाम आहे, नाही जमायचं. ‘व्हय, तुका आतां घर कित्याक. तुका हाकेचीच लाज जाली म्हणून पळालंस.’ मी काहीतरी वाईट बोललो. रेंज गेली. वळलो आणि आठवेना, आठवी टाकी उघडली की नाही. नळाला हात घातला, फिरवला, फिरला. शेवटपर्यंत. मग सवयीने पाव फेरा उलट. तेव्हा काही कळलं नाही.

आठवी टाकी ताईंची.

एक एक करून सगळ्यांना पाण्यात सोडलं. मामा पहिला. ताई शेवटच्या. मी त्यांच्या मागे होतो, पट्टा सरळ करत. त्यांनी तोंडात नळी घालून श्वास घेतला, आणि कमरेला लोंबतं ते हवेचं घड्याळ माझ्या डोळ्यासमोर होतं. श्वास घेतला तसा काटा खाली पडला आणि परत वर आला. काटा पडत नाही कधी. टाकी भरलेली असली आणि नळ उघडा असला की तो हलत नाही. मला ते दिसलं. ताईंचा एक पाय कडेबाहेर, पाठ माझ्याकडे. माझ्या तोंडात ‘ताई’ आलं होतं.

आणि तुळशीकडे उभी असलेली आई आली डोळ्यापुढे. तांब्या खाली ठेवताना.

मी गिळलं. निघालेलं माणूस. एवढ्यात ताई पाण्यात.

वाटलं, काही नसेल, मामा आहे खाली. दहा मिनिटं बुडबुडे बघत होतो. मग बुडबुड्यांचा एकच मोठा ढीग वर आला आणि त्यात ताई, आणि ताईंना मागून धरून मामा. मामाच्या टाकीची जादा नळी ताईंच्या तोंडात. दोघांना ओढून घेतलं. ताई खोकत होत्या, म्हणाल्या, ‘हवाच येईना रे. खेचते आहे, खेचते आहे, येतच नाही.’ खाली पंचवीस मीटरवर त्यांचा श्वास बंद झाला आणि त्या सरळ वर सुटल्या. मामाने खालून जाऊन त्यांना मध्ये धरलं, आपली नळी दिली, हळू केलं. एवढ्या घाईने वर यायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे.

ताईंना प्राणवायू दिला. त्या ठीक आहेत. पुढारी ओरडत होते, कंपनीला लिहीन, पोलिसात जाईन. मी टाकी उतरवली आणि नळ बघितला. पाव फेरा उघडा. तेवढाच. आधीच उघडलेला नळ मी फिरवून बंद केला होता आणि मग पाव फेरा उघडला होता.

कप्तान आला. मोडक्या हिंदीत विचारलं, ‘नल किसने देखा?’

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, ‘मैंने. गलती मेरी.’

मी गप्प राहिलो. कोणी काही म्हणो, वहीत खोटं लिहिणार नाही. मी गप्प राहिलो.

शनिवार, १६ फेब्रुवारी, माले

कप्तानाने मामाला काढलं. उद्या पाहुण्यांबरोबर विमानाने घरी. पुढाऱ्यांना तेच हवं होतं.

मामा माझ्यावर रागावलाय. बोलत नाही. त्याला कळलंय नळ कोणाचा ते, कळणारच. काल संध्याकाळपासून झोपायच्या बंकावर आडवा, भिंतीकडे तोंड करून. मामा दिवसा झोपणारा माणूस नाही. चहा नेला तर कप हातातून सोडून दिला, गरम चहा माझ्या पायावर. मुद्दामच. वर म्हणतो, ‘रवूं दे. निसाटलो.’

जेवताना भात कुलेरीने, चमच्याने खाल्ला, तोही डाव्या हाताने. तीन महिन्यांत मी मामाच्या हातात कुलेर बघितली नव्हती. माझ्याशेजारी बसून नेहमीसारखं जेवायचीसुद्धा त्याला किळस आली असेल. शर्टाची बटणं लावून दे म्हणाला. तेवढ्यापुरता मी नोकर. मी लावून दिली, मान वर न करता. म्हटलं, ‘मामा, हांव कप्तानाक सांगतां.’

‘गप रव. तुझो पगार गेलो तर सिंधू काय खायत? ह्या बोटीर माझी दोन वर्सां रवली होती, ती गेली. तुझी सगळी आसत.’ मग उजवा खांदा चोळत म्हणाला, ‘आणि मालवणाक फोन करू नको. मामीक काय एक सांगू नको.’

काय सांगायचं नाही ते विचारलं नाही. काढून टाकलं तेच असणार, दुसरं काय.

गाईडाची जागा रिकामी झाली. कप्तान संध्याकाळी माझ्याकडे बघून म्हणाला, एप्रिल तक क्यों रुकना, अगले हफ्ते सीखो. मी मान हलवली. किती लवकर हलली.

रविवार, १७ फेब्रुवारी

सकाळी बोट धक्क्याला लागली. विमानतळाची फेरी तिथून सुटते. पुढारी आणि मंडळी सगळ्यात आधी गेली. आठ दिवसांनी बूट घातलेले, चालायला नीट येत नव्हतं. ताईंचं विमान संध्याकाळचं, म्हणून त्या डेकवर बसल्या होत्या. मी टाक्या पुसत होतो. वही यंत्रावर होती.

‘लॉगबुक? तू तर खाली जात नाहीस म्हणालास.’

‘आपलं असंच लिहितो. घरचं.’

वाचणार नाही म्हणाल्या आणि वही परत देताना मागचं पान उघडलं. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, ‘ताई, ते मालीश कुठं करायची ते ना?’

त्या हसल्या. ‘मालीश? अरे, पाण्यातून घाईने वर आलं की जो आजार होतो, त्याचं आहे हे. अंगात हवेचे बुडबुडे राहतात. सांधे दुखतात, खांदा, कोपर. हात बधिर होतो, वस्तू हातातून पडतात. नुसतं झोपावंसं वाटतं. मलाही होऊ शकलं असतं, म्हणून तुमचे मामा परवा दिवसभर सारखे विचारत होते, ताई खांदा दुखतो का, बोटांना मुंग्या येतात का. आणि हे खाली मोठ्या अक्षरात आहे ना, अशा माणसाने विमानात बसायचं नाही. बसला तर...’

पुढचं मी ऐकलं नाही.

मामा धक्क्यावरून फेरीकडे चालला होता. पिशवी डाव्या खांद्यावर. उजवा हात नुसता लोंबत होता, दुसऱ्याचा असल्यासारखा. कप्तान त्याच्या बाजूला, तिकीट हातात. साठ-सत्तर पावलं पुढे. पाठ माझ्याकडे.

‘मामा!’

वळला नाही. मालवणचा माणूस, निघाल्यावर मागून हाक आली तर वळत नाही. मी डेकच्या टोकाला गेलो आणि यंत्राच्या आवाजावर बोलायची सवय झालेल्या सगळ्या गळ्याने ओरडलो, ‘ओ मामा! विमानात बसू नका! नळ हांवें फिरयलो! मागें या!’

अख्खा धक्का बघायला लागला. मामा थांबला. हळूहळू वळला. एवढ्या लांबून सुद्धा त्याचं तोंड दिसत होतं.

‘मेल्या,’ तो ओरडला, ‘मागसून हाक मारतंस?’

आणि पिशवी त्याच्या खांद्यावरून खाली पडली.

बुधवार, २० फेब्रुवारी

शेजारच्या एका बेटावर या आजाराचा दवाखाना आहे. माणसाला लोखंडी पिंपात ठेवतात आणि हवेचा दाब देतात. ताई त्याच दिवशी बरोबर आल्या, डॉक्टरशी इंग्रजीत सगळं बोलल्या, कशाबशा विमानाला पोचल्या. जाताना म्हणाल्या, ‘नळ तुझा होता?’ मी हो म्हटलं. काटा पडताना बघितला तेही सांगितलं. का बोललो नाही तेही. त्यांनी पिशवी उचलली. मग म्हणाल्या, ‘दाढ काढून घे,’ आणि गेल्या. कोल्हापूरच्या माणसाला काय वाटलं असेल, कळत नाही. त्यांच्याकडेही मागून हाक मारत नाहीत.

मामा तीनदा पिंपात जाऊन आला. हात थोडा हलतो. डॉक्टर म्हणाला, विमानात बसला असता तर कदाचित जन्माचा गेला असता. आता वर्षभर पाण्यात उतरायचं नाही. पुढेही बहुतेक नाही.

मी काचेतून बघत होतो. बाहेर आला तेव्हा विचारलं, ‘मामा, दुखता म्हणान सांगलां कित्याक नाय?’

‘सांगलंय आसतंय तर पुढल्या वर्साक खयच्या बोटीन घेतला असता माका? एकदा ह्यो आजार झालेलो गाईड म्हणजे फुटकी होडी.’ मग म्हणाला, ‘तुका वाटला काय होता? तुझ्यार रुसान पडलंय?’

मी हो म्हटलं.

‘चाय पण मुद्दाम सांडलंय?’

तेही हो म्हटलं. त्याला हसू आलं, आणि खांदा दुखला म्हणून शिवी दिली. ती मला.

कप्तानाने माझा अर्धा पगार कापला. शिकायचं विसर म्हणाला, कायमचं. हंगामाच्या मध्ये टाक्या भरायला दुसरा मिळत नाही, म्हणून ठेवलंय. ठीक आहे. श्वासाचा आवाज ऐकायचा राहिला.

शनिवार, २३ फेब्रुवारी, माले

उद्या नवे पाहुणे. बारा. दर टाकीचा नळ आता मी पुरा उघडा ठेवतो, पाव फेरा मागे नाही. बसला तर बसला.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं, नळाचं, काट्याचं, मामाचं.

दादा म्हणाला, ‘मागसून हाक मारलीस?’

‘हय.’

‘कितले पावटी?’

‘दोन.’

‘दोन!’ आणि वर, ‘मगे आतां दर्या बंद जातलो, पळय.’

पाच महिन्यांनी दादाला हसताना ऐकलं. मलाही हसू आलं आणि थांबेना. मागे आई विचारत होती, काय झालं. दादा तिला म्हणाला, ‘कांय ना, तुज्या पुतान एकलो मनीस परतो घरा हाडलो.’ परत आणलेला माणूस म्हणजे मामा. त्यावर आई काय म्हणाली, ऐकू आलं नाही. मग सिंधूवहिनी फोनवर आली. तिने ‘मामा जेवता मरे?’ एवढंच तीनदा विचारलं.

परत दादाने घेतला. म्हणाला, मांद्र्याला कोणाचं तरी हॉटेल होतंय, चिरे वाहायच्या दोन फेऱ्या मिळाल्यात. कोंबड्या हुसकल्या. ट्रक पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा फणसावरची सगळी पाखरं उडाली म्हणे. सोमवारी पहाटे निघणार.

म्हटलं, ‘डबो घी.’

‘गप. आयज सांग, सोमारा नको.’ आणि मग, ‘आनी आयक. आमकां ह्या म्हयन्यांत कांय धाडू नाका. मामीक धाड.’

मामीला मी फोन केला नाही, मामाला शब्द दिलाय. पैसे पोचले की ती विचारेल, तेव्हा मामा काय सांगायचं ते सांगेल. डाव्या हाताने तो आता दवाखान्याच्या फॉर्मवर सही करायला शिकतोय, अक्षर माझ्यापेक्षा बरं येतं.

अर्धा पगार कापून आणि हातात काही न ठेवता: पार्स्याला या महिन्यात काही नाही. मालवणला, मामीच्या नावावर, रुपये नऊ हजार चारशे.